घोडीच्या मागचं अंतर

आमच्या आबांनी जन्मभर एकच गोष्ट शिकवली. पुढच्यापासून अंतर पाडू नका. बांधावरून चालताना आई डोक्यावर भारा घेऊन दोन पावलं मागं राहिली की ओरडायचे, "अंतर पडलं!" मी पाटी घेऊन शाळेला निघाले आणि पुढच्या पोरी जरा लांब दिसल्या, की ओट्यावरून हाक यायचीच, "अगं पळ, अंतर पडलं!" लग्नाच्या वरातीत, मयताच्या मागं, कुठंही तेच. मेलं त्या अंतराचं खूळ! मला लहानपणापासून त्याचा राग यायचा. पण बाप होता, मान खाली घालून ऐकायचं.

हे खूळ आलं कुठून, तर बैलगाड्यांतून. मुळशीत आमच्या माण गावाच्या बाजूला चैत्रात जत्रा असली की गाडे पळतात. चढाची एक सरळ रुंद वाट केलेली असते, तिला घाट म्हणायचं. घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याच्या एका धावेला बारी म्हणतात. ज्याची बारी सगळ्यांत लवकर संपली, त्याचा गाडा पहिला. आता हे बैल पळतात कशाच्या जोरावर? चाबकाच्या नव्हे. त्यांच्या पुढं एकजण घोडीवर बसून घोडी पळवतो आणि बैल त्या घोडीच्या मागं सुटतात. घोडी नाकासमोर दिसत राहिली तर ते जीव तोडून पळतात. तीच जरा लांब गेली की त्यांचं मन मोडतं. मग ते घाट सोडून माणसांत घुसतात, नाहीतर मध्येच उभे राहतात. म्हणून घोडीवाल्याचं सगळं कसब यात, की मागं बघत बघत घोडी अशी पळवायची, बैलांचं तोंड तिच्या शेपटाला लागलं पाहिजे. दोन्ही अंगांना माणसं, अंतर न पाडता चिकटून पळव म्हणून, गळा फाडून ओरडत असतात, "चिकट! चिकट!"

आमच्या गाड्यापुढची घोडी माझा थोरला भाऊ धरायचा. त्याला मी दादा म्हणायचे. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो घोडीवर होता आणि तालुक्यात त्याच्यासारखं अंतर कुणाला राखता येत नव्हतं. एका जत्रेत मागच्या बैलाच्या शिंगानं त्याची मांडी फाटली. तरी घोडी पुढं काढली नाही पठ्ठ्यानं. बारी संपल्यावर रक्तानं भरलेल्या धोतरानिशी आबांपुढं उभा राहिला. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा!"

बस, एवढंच. पण आमच्या घरात ते केवढं होतं हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आबा "वा" म्हणायचे ते फक्त बैलांना. माणसाला म्हटलेलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. दादा महिनाभर लंगडत होता आणि महिनाभर हसत होता.

पुढं दादा पुण्याला शिकायला गेला. मॅट्रिक झाला, आणि घरी येऊन शेती बघायची ती सोडून विमान उडवायला शिकवणाऱ्या क्लबात कामाला लागला. आधी विमानं धुवायची, ढकलायची, त्यांचा पंखा हातानं फिरवून द्यायचा. मग सरकारनं गरजू पोरांना उडायला शिकवायची काही योजना काढली, तीत त्याचा नंबर लागला. दोन-अडीच वर्षांत त्याला परवाना मिळाला. माणचा पोरगा विमान चालवतो म्हटल्यावर गावानं तोंडात बोटं घातली. आई कुणीही भेटलं की सांगायची, "माझं लेकरू इमान हाकतंय."

आबा मात्र बोलेनात. दादा गेला त्या वर्षी घोडीवर दुसरा पोरगा बसवला होता. त्यानं भर घाटात अंतर पाडलं, बैल बुजले आणि आमचा गाडा हरला. तेव्हापासून आबा दादाशी एक शब्द बोलले नाहीत. तो सुट्टीला आला की "त्याला सांग जेवायला बस," "त्याला सांग गोठ्याचं दार लाव," असं माझ्या नाहीतर आईच्या मार्फत चालायचं. ताटाला ताट लावून बसायचे आणि मध्ये मी निरोप्या! एकदा मी चिडून म्हटलं, "आबा, तो बहिरा नाही, समोर बसलाय." आबांनी भाकरी मोडली आणि मला म्हणाले, "त्याला सांग, कालवण वाढून घे."

दादा शिकायला उडायचा तो भाग आमच्याच बाजूचा होता. हिंजवडी, माण, घोटावडे, पार पौडच्या डोंगरापर्यंत. सकाळी डोक्यावरून मोटारसायकलसारखा फटफट आवाज आला की आई हातातलं टाकून अंगणात यायची. एकावर एक पंखांच्या दोन जोड्या, पुढं एक नि मागं एक अशा दोन उघड्या बैठका, असलं ते पिवळं विमान होतं. असंच एकदा ते वरून चाललं होतं. दुसराच कुणी उडवत असावा, कारण दादा त्या दिवशी घरी होता, दारात उभा. आबा बैलांना पाणी दाखवत होते. वर न बघताच ते बैलांना म्हणाले, "मोकळ्या आभाळात कुणीबी पळंल. पुढं घोडी न्हाई, मागं बैल न्हाई. ती काय बारी झाली व्हय?"

दादानं ऐकलं. त्याचा चेहरा पडला.

त्याच दिवशी आम्ही दोघं ओढ्यावर गेलो. सणाच्या आधीचे दिवस होते, आईनं काथवट, पीठ मळायची लांबट लाकडी परात, घासायला दिली होती. मी घोटावड्याच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. मास्तरीण झालं तरी काथवट काही चुकत नाही. दादा दगडावर बसून म्हणाला, "काल हवेत कुणीतरी लाथ घातली मला."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो खरंच सांगत होता. विमानतळावर त्याच्या आधी एक मोठं विमान उडून गेलं. हा लगेच त्याच्या मागून निघाला. जमिनीपासून थोडा वर गेला नाही तोच त्याचा एक पंख कुणीतरी हातानं धरून खाली ओढावा तसा गेला. त्यानं विमान वळवायची काठी सगळी उलट्या बाजूला दाबली तरी विमान ऐकेना. मग जसं धरलं तसं आपोआप सुटलं. खाली उतरल्यावर शिकवणाऱ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला वाट्टेल ते सुनावलं.

"पण लाथ कुणी घातली?" मी विचारलं.

त्यानं माझ्या हातातून काथवट घेतली, डोहात जिथं पाणी संथ होतं तिथं तिरपी धरली आणि जोरात पुढं ओढली. "आता मागं बघ," म्हणाला. काथवटीच्या दोन्ही टोकांमागं पाण्यात दोन भोवरे सुटले होते. काथवट पार पुढं गेली तरी ते गरगरत मागंच राहिले. त्यानं करंजाचं एक वाळकं पान त्यातल्या एकावर टाकलं. पानानं गिरकी घेतली, पालथं झालं आणि खाली गेलं.

"मोठं विमान गेलं की त्याच्या पंखांच्या टोकांमागं हवेत असे भोवरे राहतात," दादा म्हणाला. "विमान जेवढं जड आणि जेवढं हळू, तेवढे मोठे. आणि ते हळूहळू खाली बसत येतात. गाडी गेल्यावर धुरळा बसेपर्यंत आपण थांबतो की नाही, तसं थांबायचं. पण धुरळा दिसतो गं. हे दिसत नाही."

"मग तू थांबत जा," मी म्हटलं. "एवढी घाई कशाची पडलीय?"

"थांबतो की." तो हसला. मग काथवट माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "आबांनी एकदा 'वा' म्हटलं पाहिजे बघ. दुसरं काही नको मला."

हे सगळं मी एवढं लांबण लावून का सांगते आहे, तर त्याला माहीत होतं म्हणून. माझा भाऊ अडाणी नव्हता. पाण्यात काथवट ओढून त्यानं मला दाखवलं होतं. आज एवढी वर्षं झाली, पण हे माझ्या घशाखाली उतरत नाही. माहीत नसतं तर मी देवाला बोल लावला असता आणि मोकळी झाले असते.

त्या वर्षीच्या जत्रेला दादानं क्लबातून परवानगी काढली. माणच्या घाटावरून जाऊन वरून भंडारा टाकायचा. गावात ही बातमी पोचली आणि म्हातारीकोतारीसुद्धा डोळ्यांना पदर लावायला लागली. देवावर आभाळातून भंडारा पडणार! आईनं जुन्या धोतराच्या दोन पिशव्या शिवल्या. एक देवासाठी, आणि एक आमच्या गाड्याची बारी झाली की बैलांवर उधळायला. हळद कुटून कुटून तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. मीच आदल्या आठवड्यात पुण्याला जाऊन त्या पिशव्या दादाच्या हातात दिल्या.

आबांनी यातलं काही ऐकलं नसल्यासारखं केलं. पण जत्रेच्या सकाळी त्यांनी नवाकोरा पटका काढला. आई माझ्याकडं बघून डोळ्यांनी हसली. आबांच्या ते लक्षात आलं. "बैलांसाठी बांधलाय," ते गुरगुरले.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. सगळे खूश, कारण वारा असला की घाटातला धुरळा डोळ्यांत जातो, बैलांना घोडी दिसत नाही. "देवानं वारं धरून ठेवलंय," असं लोक म्हणत होते. पुढं विमानातली माणसं भेटली तेव्हा मला कळलं, की वाऱ्यानं हवेतले भोवरे विस्कटून जातात. वारा नसला की ते तसेच राहतात.

शेजारच्या जांबे गावच्या गाड्याची बारी झाली. नंतर आमची होती. आबांनी बैल जुंपले, पुढं घोडी उभी केली. ही दादाचीच घोडी, आता म्हातारी झाली होती, पण बैल दुसरीच्या मागं पळायचे नाहीत. तेवढ्यात पूर्वेकडून फटफट आवाज आला. सगळा घाट वर बघायला लागला. पिवळं विमान खाली उतरत आलं, एवढं खाली की दादाचं टोपडं घातलेलं डोकं दिसलं. त्यानं हात बाहेर काढला आणि पहिली पिशवी मोकळी केली. पिवळा ढग सुटला आणि हळूहळू माणसांच्या पटक्यांवर, बैलांच्या पाठीवर बसला. काय ओरडली माणसं! आई तर जमिनीवर डोकं टेकून बसली. आबा वर बघत नव्हते. पण त्यांच्या खांद्यावर भंडारा पडला होता, तो त्यांनी झटकला नाही.

दादानं घोटावड्याच्या बाजूला जाऊन वळण घेतलं. तो आमच्या बारीची वाट बघत फिरणार होता, दुसरी पिशवी अजून त्याच्यापाशी होती. त्याच वेळी पौडकडून दुसरा आवाज आला. जड, घोंघावणारा. अधूनमधून मोठी विमानं आमच्या वरून पुण्याकडं जायची, पण खूप उंचावरून. त्या दिवशीचं चार पंख्यांचं मोठं धूड मात्र आमच्या खोऱ्यातून खाली खाली येत होतं. मुळशीच्या धरणाचं पाणी वरून बघायला कुणी बडे साहेब त्यात बसले होते, म्हणून ते असं हळू आणि खालून चाललं होतं म्हणे. खरं-खोटं मला माहीत नाही. ते थेट घाटावरून गेलं. बैल बुजले, चौघांनी त्यांना धरून ठेवलं. आवाजानं छातीत धडधड व्हायला लागली.

आणि त्याच्या मागून, त्याच वाटेनं, जरा खालच्या अंगानं दादा येताना दिसला.

खालून बघणाऱ्याला दोन्ही विमानं एकाच घाटात असल्यासारखी दिसत होती. पुढं मोठं, मागं एवढंसं पिवळं. कुणीतरी बोट दाखवून ओरडलं, "आरं ती बघ घोडी! आन त्यो बघ मागं आपला गडी!" झालं. सगळ्या घाटाला ते एकदम दिसलं. हजारो नरडी एका सुरात ओरडायला लागली, "चिकट! चिकट!"

दादाला त्या धुडाबरोबर पळणं शक्यच नव्हतं. त्याचं विमान त्याच्या निम्म्या वेगाचंसुद्धा नसेल. पण त्यानं नाक जरा खाली दाबून वेग घेतला होता आणि थोडा वेळ तरी ते जवळ जवळ जातंय असं वाटत होतं. मला कुणी सांगायला नको होतं तो काय करतोय ते. पुढं घोडी न्हाई, मागं बैल न्हाई, ती काय बारी झाली व्हय! तो आबांना बारी दाखवत होता.

आबा गाड्याच्या दांडीवर चढले. पटका सुटून खांद्यावर आला होता. एवढ्या वर्षांत ज्याच्याशी ते एक शब्द बोलले नव्हते त्याला बघून ते बेंबीच्या देठापासून ओरडले, "चिकट रं! चिकट! अंतर पाडू नगंस!"

माझ्या डोळ्यांपुढं ती काथवट आली. मी "नको, नको" म्हणाले. शेजारच्या बाईला वाटलं मला भोवळ आली, तिनं माझा हात धरला.

पिवळ्या विमानाचा उजवा पंख खाली गेला. एका क्षणात ते कुशीवर झालं, आणि मग सरळ पालथं. दादापाशी ठेवलेली दुसरी पिशवी सुटली असावी. त्यातून पिवळी रेघ बाहेर पडली, पण ती खाली पडली नाही. ती हवेत गोल फिरायला लागली, दोरीला पीळ बसावा तशी. हवेतला भोवरा मी माझ्या डोळ्यांनी बघितला. आईनं कुटलेल्या हळदीचा होता.

"कोलांटी! कोलांटी मारली!" लोक नाचायला लागले. त्यांना वाटलं दादा खेळ करून दाखवतोय. फेटे वर उडाले.

आणि आबा म्हणाले, "वा!"

दोन्ही हात वर करून म्हणाले. "वा रं माझ्या वाघा! वा!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

विमान पालथंच टेकाडामागं गेलं. मोठा आवाज वगैरे काही आला नाही. माळ्यावरून पेंढ्यांचा भारा खाली टाकावा तेवढाच आला. लोक अजून ओरडत होते. ते पुन्हा वर येईल म्हणून सगळे टेकाडाकडं बघत राहिले. मोठं विमान पुण्याच्या दिशेनं निघून गेलं. त्यातल्या कुणाला मागं काय झालं ते कळलंसुद्धा नसेल. मग हळूहळू आवाज कमी झाला आणि बायकांमधून पहिली किंकाळी आली. ती आईची होती.

आबांनी घोडीवरच्या पोराला दंडाला धरून खाली ओढलं आणि स्वतः चढले. साठीला आलेला माणूस! घोडीला टाच मारून ते टेकाडाकडं सुटले. आणि घोडी सुटलेली बघून आमचे जुंपलेले बैलही सुटले. कुणाला ते धरता आले नाहीत. त्यांना काय कळणार? घोडी पळाली की तिच्या मागं जायचं एवढंच त्यांना शिकवलेलं. घाट सोडून, बांधांवरून उड्या मारत, मागं रिकामा गाडा आपटत ते आबांच्या मागं धावले. आणि काय सांगू, अंतर पडलं नाही. शेपटाला तोंड लावून ते पळाले. अशी बारी आमच्या बैलांनी कधी मारली नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा विमान भाताच्या कोरड्या खाचरात उलटं पडलं होतं. चाकं वर. पेट्रोलचा वास सुटला होता. लोकांनी दादाला आधीच बाहेर काढून बांधावर निजवलं होतं आणि त्याच्यावर कुणाचं तरी उपरणं टाकलं होतं. ते बाजूला करायला मला त्यांनी दिलं नाही. त्याची पावलं तेवढी दिसत होती, हळदीनं भरलेली. आई पावलांशी बसली. शेजारी बैल धापा टाकत उभे होते, तोंडातून फेस गळत होता.

आबा दादाकडं गेले नाहीत. ते विमानाजवळ उभे होते. एका पंखाचा फाटलेला तुकडा त्यांनी हातात घेतला, बोटांनी चोळून बघितला, पुन्हा चोळला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हे कापड हाय."

"होय आबा," मी म्हटलं.

"कापडाचं व्हतं व्हय गं? मला वाटलं, लोखंडाचं असंल."

त्यांनी ते कुणालाच कधी विचारलं नव्हतं. विचारणार कुणाला? ज्याला विचारायचं त्याच्याशी तर बोलणंच बंद होतं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फार लिहवत नाही. पोलीस आले, पंचनामा झाला. गावात नाही नाही त्या गोष्टी उठल्या. देवाच्या डोक्यावरून गेला म्हणून देव कोपला. पोरगा दारू पिऊन आला होता. नसता माज केला, आभाळात कोलांट्या मारायला गेला. मेल्यांच्या जिभेला हाड नाही! काल वा वा करणारी हीच तोंडं. मी पाणवठ्यावर दोघींशी कडाकडा भांडले, पण आईनं मला ओढत घरी नेलं.

तेराव्यानंतर क्लबातले शिकवणारे साहेब घरी आले. उंच, केस पिकलेले, अबोल गृहस्थ. ओट्यावर घोंगडीवर बसले. चहा पुढं तसाच राहिला. ते म्हणाले, "दारूचं वगैरे सगळं खोटं आहे. असा सज्जन मुलगा माझ्या हाताखाली दुसरा नव्हता. हे तुम्हाला तोंडानं सांगावं म्हणून आलो."

आबांनी विचारलं, "मंग पडला कशानं?"

साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. पुढच्या विमानाचे भोवरे, ते खाली कसे बसत येतात, लहान विमानाला त्यातून काठीनं सावरणं कसं अशक्य होतं. जमीन जवळ असली की सगळाच खेळ संपतो. मी मध्येमध्ये आमच्या बोलीत सांगत होते. काथवटीचंही सांगितलं. आबा मान हलवत ऐकत होते, अगदी शहाण्या पोरासारखे. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजी, अंतर ठेवायला पायजे व्हतं?"

"हो," साहेब म्हणाले. "मोठ्याच्या मागे चिकटायचं नाही. आम्ही अगदी सुरुवातीलाच हे शिकवतो. त्यालाही शिकवलं होतं. त्यानं असं का केलं, तेच मला कळत नाही."

ते साहेबांना कळणार नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. आबा उठले आणि गोठ्यात गेले. साहेब जाईपर्यंत ते बाहेर आले नाहीत. संध्याकाळी आईनं हाका मारल्या तरी आले नाहीत. मी जाऊन बघितलं तर बैलांच्या दावणीपाशी भिंतीला टेकून बसले होते.

आमचा गाडा नंतर घाटात उतरला नाही. बैल नांगराला जुंपले. बांधावरून चालताना आई मागं राहिली तरी आबा काही म्हणायचे नाहीत. मला त्या ओरडण्याचा केवढा राग होता! पण ते बंद झालं तसं घर खायला उठायला लागलं.

पुढच्या चैत्रात भावकीतली माणसं येऊन आबांना जत्रेला घेऊन गेली. म्हातारा किती दिवस भिंतीकडं बघत बसणार, चार माणसांत येऊ दे, असं त्यांचं म्हणणं. मी बरोबर गेले. त्यांना घाटाच्या कडेला सावलीत बसवलं होतं. दोन-तीन बाऱ्या झाल्या. मग जांब्याचा गाडा सुटला. घोडीवर कोवळा पोरगा होता, मागं बघत, अंतर राखत, अगदी दादासारखा वाकलेला. दोन्ही बाजूंनी गजर सुरू झाला, "चिकट! चिकट!"

आबा कधी उठले ते मला कळलंच नाही. ते घाटाच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते, दोन्ही हात पसरून. "अंतर ठेव!" ते ओरडत होते. "अंतर ठेव रं पोरा! लांब ऱ्हा! अंतर ठेव!"

पोरानं कशीबशी घोडी वळवली. बैल बिथरले, गाडा कलंडला, बारी मोडली. जांब्याची माणसं काठ्या घेऊन धावत आली. वर्षभराची मेहनत मातीत घालवली होती कुणीतरी, त्यांचंही बरोबर होतं. पण जवळ आल्यावर त्यांनी माणूस ओळखला आणि काठ्या खाली घेतल्या. गाड्याचा मालक पुढं झाला आणि त्यानं आबांचा पडलेला पटका उचलून माझ्या हातात दिला.

मी त्यांना घरी घेऊन निघाले. खाचरांतून वाट होती. मध्येच आबा थांबले आणि म्हणाले, "पोरी, तू शिकलेली हायेस. खरं सांग. मी चिकट म्हणून वरडलो, ते त्याला ऐकू गेलं आसंल का गं?"

मला कुठून तरी बळ आलं. मी म्हटलं, "नाही हो आबा! कसं जाईल? त्याच्या विमानाचा आवाज केवढा, वर त्या मोठ्याचा. कानावर टोपडं. खालचं एक अक्षर त्याला ऐकू गेलं नसेल. देवाशपथ सांगते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, ओझं उतरलं असेल. ते खालच्या मातीकडं बघत उभे राहिले.

"मंग," ते म्हणाले, "वा म्हटलेलं बी न्हाई गेलं."